वळताना कटकट, साठच्या पुढं घूं घूं, क्लच सोडताना धप्प: गिअरबॉक्स खरंच उतरवायला लागंल का?

जुळेसोलापूरकर

नमस्कार मंडळी. गाडी मामांकडून घेतलेली आहे, २०११ ची पेट्रोल हॅचबॅक, पाच गिअर मॅन्युअल, मीटरवर १ लाख १८ हजार किमी. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर सगळी चर्चा मायलेजवर आणि रिसेलवर जाते. इंजिन चांगलं आहे, ऑइल खात नाही, सकाळी एका सेल्फला चालू होते, मे महिन्यात एसी पण धड थंड करतो. प्रॉब्लेम सगळा खालच्या बाजूला आहे.

एक म्हणजे यू-टर्न घेताना किंवा पार्किंगमधून स्टिअरिंग पूर्ण कापून गाडी काढताना पुढून कट-कट-कट असा आवाज येतो, सरळ झालं की बंद. दुसरं, तुळजापूर रोडला साठ-सत्तरच्या पुढं गेलं की घूं असा आवाज सुरू होतो आणि स्पीड वाढंल तसा वाढतो, काच वर केली तरी ऐकू येतो. तिसरं, सिग्नलला पहिला टाकून क्लच सोडला की खालून एक धप्प बसतो, रोज नाही पण आठवड्यातून बऱ्याचदा.

रोज विजापूर रोडवरून अक्कलकोट रोड एमआयडीसीला ये-जा असते, महिन्यातून एखाद्या वेळेस पंढरपूर नाहीतर तुळजापूर. एका गॅरेजवाल्याला दाखवली तर त्यानं एक चक्कर मारली आणि "गिअरबॉक्स उतरवायला लागतंय, बेअरिंगा गेल्यात, क्लच पण करून घ्या एकदमच" म्हणून मोठा आकडा सांगितला. जॅक लावला नाही, खाली वाकून बघितलं नाही. गाडीच्या किमतीच्या मानानं तो आकडा मला जड वाटतोय. घरचे म्हणतायत विकून टाक. मला विकायची नाही, आईला या गाडीत चढा-उतरायला सोपं जातं.

प्रश्न एवढाच की हे तीन आवाज एकाच गोष्टीचे आहेत का वेगवेगळे, आणि काय झिजलंय हे आपल्याला घरी कसं ओळखता येईल? पाने वापरता येतात, टायर बदलता येतो, त्यापलीकडं जास्त काही येत नाही.

---

दहाबाराचा_पाना

गिअरबॉक्सला हात लावू देऊ नका अजून. तुम्ही जे लिहिलंय त्यात तिन्ही आवाज तीन वेगवेगळ्या वेळेला येतात, म्हणजे बहुतेक तीन वेगळ्या जागा आहेत, आणि त्यातली एकही गिअरबॉक्सच्या आत असेलच असं नाही. मी या लाइनमध्ये बरीच वर्षं आहे, गिऱ्हाईक आलं की मी पहिलं "आवाज कसा येतो" विचारत नाही, "कधी येतो" विचारतो. वळताना का सरळ, अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर का सोडल्यावर, क्लच खाली असताना का वर, गाडी उभी असताना का चालताना. एवढं नीट सांगितलं की निम्मं काम झालं.

पहिला कटकटीचा बघू. वळताना कट-कट, यंत्रमाग चालल्यासारखा एका लयीत, आणि अ‍ॅक्सिलरेटर दिला की जास्त: हा पुढच्या एक्सलच्या (गिअरबॉक्सकडून चाकाला फिरवणारा दांडा) बाहेरच्या, म्हणजे चाकाकडच्या जॉइंटचा आवाज आहे, ज्याला सीव्ही जॉइंट म्हणतात. तुमची गाडी पुढच्या चाकांवर चालणारी आहे, म्हणजे तीच चाकं वळतात आणि तीच ओढतात. वळलेल्या चाकाला ताकद पोचवायचं काम हा जॉइंट करतो. आत सहा गोळ्या असतात, त्या पिंजऱ्यात बसवलेल्या आणि खाचांमधून फिरणाऱ्या. त्या खाचा झिजून खड्डे पडले की वळताना गोळी खड्ड्यातून उडी मारते, तोच कट.

आणि हा जॉइंट सहसा आपणहून मरत नाही, त्याच्यावरचा रबरी बूट फाटला की मरतो. बूट फाटला की चाक फिरताना ग्रीस बाहेर फेकलं जातं आणि त्या जागी धूळ नि पाणी आत जातं. आपल्याकडची धूळ म्हणजे काय सांगायला नको, जिथं बघावं तिथं रस्ता खोदलेला, आणि काळ्या मातीचा चिखल एकदा बुटात शिरला की ग्रीसमध्ये मिसळून पॉलिश पेपरचं काम करतो.

बघायचं कसं: स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला कापा, गाडी बंद करा, मोबाइलची बॅटरी घेऊन चाकाच्या मागं डोकं घाला, जॅक पण लागत नाही. एक्सलच्या टोकाला घड्या पडलेला काळा रबर दिसंल. घड्यांच्या मधल्या खोलगट जागेत चीर असते, वरून बघितलं तर दिसत नाही, बोटानं घडी उघडून बघा. रिमच्या आतल्या बाजूला, लोअर आर्मवर, शॉकअपच्या खालच्या भागावर काळं चिकट ग्रीस उडालेलं असंल तर विषय संपला. मग दुसऱ्या बाजूला कापून दुसरं चाक बघा.

चालवून बघायचं असंल तर रविवारी सकाळी एखादं रिकामं ग्राउंड बघा, पहिला गिअर, स्टिअरिंग पूर्ण उजवीकडं, हळू गोल फिरवा आणि मध्येच थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्या. मग डावीकडं. बहुतेक वेळा वळणाच्या बाहेरच्या बाजूचं चाक बोलतं, म्हणजे उजवीकडं वळताना आवाज असंल तर डावा जॉइंट. पण नेहमीच असं होत नाही, म्हणून बूट दोन्ही बघाच.

---

होटगी_रोडकर

पाना दादांशी सहमत. घूं घूं चं मी सांगतो, माझ्या गाडीला हेच झालं होतं.

साठच्या पुढं स्पीडबरोबर वाढणारी घूं म्हणजे व्हील बेअरिंगवर माझा पहिला संशय. पण टायरपण असाच आवाज करतात, विशेषतः मागचे टायर एका कडेनं वर-खाली झिजलेले असले की, आणि मग लोक बेअरिंग बदलून बसतात आणि आवाज तसाच राहतो. फरक असा की टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो. खडबडीत डांबरावरून गुळगुळीत डांबरावर गेलात आणि आवाज एकदम कमी झाला तर टायर. बेअरिंगला रस्त्याशी घेणंदेणं नाही, तो तसाच ओरडत राहतो. तळहातानं टायरवरून पुढं-मागं हात फिरवून बघा, एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं हाताला लागलं तर टायर खाल्लेला आहे.

आता बेअरिंग डावं का उजवं. मोकळा रस्ता बघून, मागं-पुढं कोणी नाही याची खात्री करून, साठला असताना स्टिअरिंग अगदी हलकं डावीकडं आणि मग उजवीकडं द्या, लेन बदलल्यासारखं. डावीकडं दिलं की गाडीचं वजन उजव्या चाकावर येतं. त्या वेळेला आवाज वाढला तर उजव्या बाजूचं बेअरिंग, उजवीकडं दिल्यावर वाढला तर डावीकडचं. पुढचं का मागचं हे मात्र कानाला फसवतं, पूर्ण बॉडीतून आवाज घुमतो.

आणि सगळ्यात महत्त्वाची टेस्ट जी त्या गॅरेजवाल्यानं करायला पाहिजे होती: आवाज येत असताना क्लच दाबा आणि गाडी न्यूट्रल करून नुसती घरंगळू द्या. इंजिन बंद करायचं नाही हां, ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतं. गाडी घरंगळताना घूं तशीच राहिली तर आवाज चाकांकडचा. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की येतो आणि सोडला की जातो किंवा वेगळा होतो, किंवा एकाच ठराविक गिअरला येतो, तर मग गिअरबॉक्सकडं बघायचं.

नंतर जॅकवर चाक उचलून स्प्रिंगवर एक हात ठेवायचा आणि दुसऱ्या हातानं चाक फिरवायचं. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून हाताला कळते, कानाला कळायच्या आधी कळते. घड्याळात १२ आणि ६ वाजतात तिथं दोन्ही हातांनी टायर धरून हलवायचा, खटखट हललं तर बेअरिंग नाहीतर खालचा बॉल जॉइंट. कोणीतरी त्याच वेळेला ब्रेक दाबून धरला आणि हलणं बंद झालं तर बेअरिंग, ब्रेक दाबूनही हलत असलं तर बॉल जॉइंट किंवा सस्पेन्शन. ३ आणि ९ वर धरून हललं तर बहुतेक स्टिअरिंगचा टाय रॉड.

---

बाळीवेस_१९७८

एवढं कशाला करायचं? नवीन बूट टाका, ग्रीस भरा, थोडक्या पैशात काम होतंय. आमच्या जुन्या गाडीला तसंच करून घेतलं होतं, आवाज गेला.

---

दहाबाराचा_पाना

काका, बूट फाटलेला आहे पण आवाज अजून सुरू झालेला नाही अशा वेळेला तुमचं बरोबर आहे. तेव्हा जॉइंट काढून रॉकेलनं किंवा डिझेलनं स्वच्छ धुवायचा, एकेक गोळी आणि खाच बघायची, चकचकीत असंल तर मोलिब्डेनमचं काळं ग्रीस भरून नवीन बूट नवीन क्लिपा टाकायच्या, गाडी पुढं बरीच वर्षं चालते. साधं पिवळं चेसिस ग्रीस नाही भरायचं, ते या कामाचं नाही. पण एकदा कट-कट सुरू झाली म्हणजे लोखंडच झिजलंय. ग्रीसनं थोडे दिवस आवाज दबतो, झिजलेली खाच भरून येत नाही. आणि असा जॉइंट एखाद्या दिवशी तुटला तर गाडी जागेवर थांबते, गिअरमध्ये आहे, अ‍ॅक्सिलरेटर दाबताय, आणि गाडी हलत नाही. तुळजापूरच्या घाटात आईला घेऊन असं व्हायला नको.

अजून एक जुनी युक्ती लोक सांगतील, डावा-उजवा जॉइंट अदलाबदल करायचा, म्हणजे गोळ्या खाचेच्या न झिजलेल्या बाजूनं चालतात. जॉइंट सुटा निघत असंल तर होतं तसं, पण तात्पुरतं आहे. आणि अख्खा एक्सल तसा बदलता येत नाही, बहुतेक हॅचबॅकला डाव्या-उजव्याची लांबी वेगळी असते.

---

कन्ना_चौक

धप्प बद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. क्लच सोडताना एकच धप्प येत असेल तर मी आधी इंजिनचं फाउंडेशन बघेन, म्हणजे इंजिन ज्यांच्यावर बसवलेलं असतं ते आधार. रबराचे असतात, दहा-बारा वर्षांत आपल्या उन्हात आणि इंजिनच्या गरमीत ते कडक होऊन चिरतात. तपासायला दोघं लागतात. हँडब्रेक ओढायचा, एकानं आत बसून पायानं ब्रेक पण दाबून धरायचा, बॉनेट उघडं, पहिला टाकून क्लच थोडासा सोडायचा म्हणजे इंजिन नुसतं ताणलं जाईल, मग रिव्हर्सला तसंच. दुसऱ्यानं बाजूला उभं राहून बघायचं, गाडीच्या समोर अजिबात उभं राहायचं नाही आणि मागं पण कोणी नको. थोडं हलणं नॉर्मल आहे, पण इंजिन उचलून आपटलं आणि आत तोच धप्प ऐकू आला तर फाउंडेशन. ज्या बाजूनं इंजिन उठतं त्या बाजूचं. उभ्या गाडीत स्टिअरिंग नि आरसा थरथरत असेल तर तीच शंका अजून पक्की.

धप्प ब्रेक मारल्यावर येत असेल तर मात्र लोअर आर्मचे बुश बघा, ते वेगळं.

आणि सरळ रस्त्यावर, वळण नसताना, जोरात अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर गाडी डावी-उजवी थरथरते आणि पाय काढला की शांत होते, असं असेल तर एक्सलचा आतला जॉइंट, गिअरबॉक्सच्या बाजूचा. त्याची कटकट होत नाही, थरथर होते, म्हणून लोक व्हील बॅलन्सिंग करत बसतात. बॅलन्सिंगची थरथर पाय काढला तरी त्या स्पीडला राहतेच, हा फरक.

क्लचचं पण स्वतः बघून घ्या, कारण "एकदमच करून घ्या" मध्ये सगळ्यात मोठा खर्च तोच असतो. चाळीसला चौथा टाकून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनचा आवाज आणि आरपीएमचा काटा वर पळाला पण गाडी त्या मानानं पळाली नाही तर क्लच प्लेट घसरतेय. गाडी जड होऊन, कुरकुरत, पण काट्याबरोबर स्पीड वाढत गेला तर प्लेटमध्ये अजून जीव आहे. चढावर जळका वास येणं, पेडल अगदी वरच्या टोकाला आल्यावर गाडी उचलणं, उचलताना गाडी थडथडणं, ही बाकीची लक्षणं. सात रस्त्याला संध्याकाळी अर्ध्या क्लचवर उभे राहणारे लोक प्लेट लवकर संपवतात हे खरं, पण किलोमीटर जास्त झाले म्हणून क्लच बदला हे मला पटत नाही. नीट चालवलेली प्लेट लाखाच्या बऱ्याच पुढं जाते.

---

दहाबाराचा_पाना

ताईंनी एकदम बरोबर लिहिलंय. क्लचच्या बेअरिंगचं तेवढं जोडतो. गाडी न्यूट्रलला उभी, इंजिन चालू. क्लच दाबल्यावर घरघर सुरू होत असंल तर रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं. उलट, पेडल वर असताना घरघर आणि दाबला की गायब, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (क्लचकडून आत जाणारा दांडा) बेअरिंग. हा दुसरा प्रकार निघाला तर त्या गॅरेजवाल्याचं म्हणणं खरं मानायचं. गिअर टाकताना करकर येत असंल तर तेही बघा: फक्त दुसऱ्याला, तेपण तिसऱ्यावरून खाली येताना, तर आतली सिंक्रो रिंग (गिअर पडताना दोन्हीचा वेग जुळवणारं पितळी कडं) झिजलीय. सगळेच गिअर जड आणि रिव्हर्स टाकताना करकर, तर क्लच पूर्ण सुटत नाही, आधी केबल ॲडजस्ट करा, गिअरबॉक्स उघडायचं नाव नाही घ्यायचं. चालता चालता गिअर आपोआप न्यूट्रलला येत असंल तर मात्र उघडायलाच लागतो.

---

मंगळवेढ्याचा_गडी

मध्येच विचारतो, माफ करा, पण आमच्याकडं मागच्या चाकावर चालणारी जीप टाइप गाडी हाय, शेतावर असती. तिला रिव्हर्समधून पुढं टाकलं की मागं टाण्ण आवाज यायलाय आणि पन्नास-पंचावन्नला सीटखाली थरथर व्हायलीय. तिला सीव्ही जॉइंट नसतंय ना?

---

दहाबाराचा_पाना

मागच्या एक्सलला नसतो. बोलेरो, सुमो, ओम्नी, जुनी ॲम्बॅसेडर, यांना इंजिन-गिअरबॉक्सपासून मागच्या हाउसिंगपर्यंत लांब प्रोपेलर शाफ्ट असतो आणि त्याच्या टोकांना क्रॉस, म्हणजे अधिकच्या चिन्हासारखे जॉइंट असतात. क्रॉसच्या चार टोपणांमध्ये सुईसारखे रोलर असतात, ग्रीस सुकलं की ते गंजून भुगा होतात. दोन्ही बाजूंनी चाकांना दगड लावा, गाडी सपाट जागेवर, न्यूट्रल, खाली जाऊन शाफ्ट हातात धरून पिळा आणि वर-खाली हलवा. क्रॉसमध्येच ढिलेपणा दिसला किंवा टोपणाच्या कडेला तांबडी गंजाची पूड साठलेली दिसली तर क्रॉस गेला, तोच टाण्ण. पूर्ण शाफ्ट थोडासा फिरून हाउसिंगला जाऊन अडतो तो थोडा प्ले नॉर्मल आहे, तो क्राऊन-पिनियनच्या, म्हणजे हाउसिंगमधल्या मोठ्या-लहान गिअरच्या दातांमधला. शाफ्ट दोन तुकड्यांचा असंल तर मधल्या सेंटर बेअरिंगचं रबर पण बघा, थरथर बऱ्याचदा तिथून येते. शेतातल्या गाडीला निपल (ग्रीस भरायचं तोंड) असलेला क्रॉस असंल तर ग्रीसगन मारत जा, चारी टोपणांतून नवीन ग्रीस बाहेर डोकावेपर्यंत मारायचं.

शाफ्ट उतरवताना दोन्ही फ्लँजवर खूण करायला सांगा आणि त्याच खुणेला परत जोडायला लावा. खूण न करता उलटासुलटा बसवला की नवीन क्रॉस टाकूनही थरथर राहते, मग गिऱ्हाईक म्हणतं पार्ट डुप्लिकेट आहे.

हाउसिंगमधून अ‍ॅक्सिलरेटरवर असताना ऊं ऊं आणि सोडल्यावर बंद, किंवा उलट, असं असंल तर क्राऊन-पिनियन. तो खर्च मोठा असतो, पण आधी हाउसिंगचं ऑइल बघा, पिनियनच्या सीलमधून गळून संपलेलं असतं आणि कोणी बघितलेलंच नसतं.

---

मंगळवेढ्याचा_गडी

निपल हाय. ग्रीस कवा मारलं काय आठवत नाय म्हणाले घरचे. उद्याच बघतो दादा, लई उपकार झाले.

---

होटगी_रोडकर

गडी भाऊ, गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर भरवसा नको. स्टँड नाहीतर लाकडाचा जाड ओंडका लावायचाच. जुळेसोलापूरकर, तुम्हाला पण हेच.

---

जुळेसोलापूरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी सकाळी लवकर उठून भावाला घेऊन सगळं करून बघितलं.

डाव्या बाजूचा बाहेरचा बूट फाटलेला आहे. वरून बघितला तेव्हा चांगला वाटत होता, पाना दादांनी सांगितलं तसं घडी बोटानं उघडली तर आत अर्ध्या गोलाएवढी चीर, आणि आतलं ग्रीस काळं सुद्धा राहिलेलं नाही, राखाडी झालंय आणि बोटात घेऊन चोळलं तर वाळू लागते. रिमच्या आतल्या बाजूला गोल पट्टाच उमटलेला. उजवीकडं गोल फिरवताना कटकट स्पष्ट येते, डावीकडं नाही. उजव्या बाजूचा बूट चांगला आहे पण रबराला बारीक भेगा दिसायला लागल्यात.

घूं चा आवाज क्लच दाबून न्यूट्रल केल्यावर तसाच राहतो. उजवीकडं दिलं की वाढतो, डावीकडं दिलं की जवळजवळ बंद. जॅकवर पुढचं डावं चाक फिरवून स्प्रिंगवर हात ठेवला तर खरखर लागली, मागच्या डाव्या चाकाला अजिबात नाही. १२-६ ला थोडंसं हलतं, भावानं ब्रेक दाबला की थांबतं.

धप्प च्या टेस्टला इंजिन मागं चांगलं उठतं, मागच्या बाजूच्या फाउंडेशनचं रबर मधून फाटून वेगळं झालंय, बॅटरी लावल्यावर दिसलं. क्लच ओके, चौथ्याला पूर्ण दाबला तरी काटा एकटा पळत नाही. क्लच दाबून-सोडून कुठलीच घरघर नाही. गिअर सगळे नीट पडतात.

म्हणजे गिअरबॉक्स उतरवायचं काम नाही असं मी समजतो. आता सांगा, फक्त डावीकडचं करू का दोन्ही बाजूंचं? पूर्ण एक्सल घेऊ का जॉइंट? आणि गॅरेजवाल्याला काय काय सांगून ठेवू?

---

कन्ना_चौक

वा, असं कोणी करून परत येऊन लिहीत नाही सहसा. म्हणजे गिअरबॉक्सच्या एस्टिमेटपैकी बराचसा पैसा वाचला.

---

बाळीवेस_१९७८

वाळू लागली म्हणजे मग जॉइंटच बदला. पाना यांचं खरं आहे, आमच्या गाडीला आवाज नुकताच सुरू झाला होता म्हणून चाललं असंल.

---

दहाबाराचा_पाना

छान तपासलंत. गिअरबॉक्स उतरवायचं काहीच कारण दिसत नाही.

डावा बाहेरचा जॉइंट, डावं पुढचं बेअरिंग, मागचं फाउंडेशन, एवढं काम. उजव्या बाजूचा जॉइंट बोलत नाही तर त्याला फक्त नवीन बूट आणि नवीन ग्रीस, आत्ताच, भेगा पडलेल्या आहेत तर पावसाळ्यात फाटणारच. बूट काही शेकड्यांत येतो आणि जॉइंट काही हजारांत, म्हणून बूट वेळेत टाकलेला कधीही परवडतो.

पूर्ण एक्सल का जॉइंट हे आतल्या जॉइंटवर ठरवा. एक्सल बाहेर काढल्यावर आतला जॉइंट हातात घेऊन फिरवायचा, तो आत-बाहेर सरकणं नॉर्मल आहे, त्यासाठीच बनवलेला आहे, पण गोल पिळल्यावर खडखड लागली तर पूर्ण एक्सल घ्या. तो चांगला असंल तर फक्त बाहेरचा जॉइंट किट घ्या, बूट-क्लिप-ग्रीस-नट सगळं त्यातच येतं. घेताना जुना जॉइंट सोबत न्या, स्प्लाइनचे (दांड्यावरच्या उभ्या खाचांचे) दात मोजून घ्या आणि एबीएसची रिंग आहे का नाही बघा, एकाच मॉडेलला दोन-दोन प्रकार असतात.

बेअरिंग हातोड्यानं ठोकून बसवू देऊ नका. प्रेस मशीनवरच बसवायचं, तेपण बाहेरच्या कड्यावर दाब देऊन. आतल्या कड्यावर दाबलं तर बॉल खाचेत ठसा उमटवतात आणि नवीन बेअरिंग थोड्या दिवसांत परत घूं करतं. हबचा मोठा नट नवीन टाकायचा, जुना परत वापरायचा नाही, आणि टॉर्क पान्यानंच आवळायचा, पाइप लावून अंदाजानं नाही. नटाची कड खाचेत ठोकून लॉक केलीय का हे स्वतः वाकून बघा.

एक्सल ओढला की गिअरबॉक्समधून ऑइल बाहेर येतं. तेव्हाच तिथलं ऑइल सील बदलून घ्या, किरकोळ वस्तू आहे. आणि ऑइल निघतंच आहे तर पूर्ण काढून नवीन भरा, ग्रेड गाडीच्या पुस्तकात दिलेलीच. निघालेलं ऑइल फेकू देऊ नका लगेच. ड्रेन बोल्टला लोहचुंबक असंल तर त्याच्यावर राखाडी मऊ लेप असणं नॉर्मल. बोटाला टोचतील असे कण किंवा तुकडे निघाले तर आतलं काहीतरी खातंय. ऑइल उन्हात धरून बघा, पिवळ्या सोनेरी चमकीसारखं काही तरंगत असंल तर ती सिंक्रोची पितळ. तुमचे गिअर नीट पडतात त्यामुळं तसं निघंल असं मला वाटत नाही, पण गिअरबॉक्स न उघडता त्याची तब्येत बघायची हीच वेळ आहे.

काढलेले जुने पार्ट डिकीत टाकायला सांगा. चांगला कारागीर नाही म्हणत नाही.

---

जुळेसोलापूरकर

सगळं लिहून घेतलं. दुसऱ्या एका मिस्त्रीकडं काल दाखवली, ते स्वतःच खाली झोपून बघितले आणि न सांगता तेच तीन पार्ट सांगितले, प्रेससाठी लेथवाल्याकडं नेतो म्हणाले. शनिवारी गाडी देतोय. शेवटचं एक, यानंतर अलाइनमेंट लागंल का? ते म्हणाले लागत नाही.

---

दहाबाराचा_पाना

बेअरिंगसाठी नकल (बेअरिंग ज्यात बसतं तो चाकामागचा लोखंडी भाग) काढायला लागतो, आणि शॉकअपला जोडणारे दोन बोल्ट ढिले केले की चाकाचा कल थोडा बदलतो. बोल्ट काढायच्या आधी कडेनं खडूची खूण करून त्याच खुणेला परत आवळले तर फार फरक पडत नाही, पण अलाइनमेंट एकदा बघूनच घ्या. आणि पाच-सातशे किमी चालल्यावर दोन्ही बुटांच्या क्लिपा आणि एक्सल गिअरबॉक्समध्ये जातो तिथं सील ओलं आहे का हे बॅटरी लावून बघा. ओलं असंल तर त्याच मिस्त्रीकडं लगेच न्या, ऑइल कमी होऊ देऊ नका.